राग नेमका खालीच का वाहतो? मानवी आक्रमकता, विज्ञान आणि आपला नगर जिल्हा

१ जानेवारी २०१३. नेवासा तालुक्यातील सोनई परिसर. शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून मेहतर समाजातील तीन तरुणांना वस्तीवर बोलावण्यात आले. तिघेही एका शिक्षणसंस्थेत सफाई कामगार होते. त्यांतील एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. तिघांचा निर्घृण खून झाला. खटला नाशिकला चालला. जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना खून आणि कटाबद्दल दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

२८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातील खर्डा. सवर्ण समाजातील मुलीशी बोलतो या संशयावरून आपल्या समाजातील १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला भरदिवसा मारहाण झाली आणि त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. त्याचे नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्या मुलाचा खून झाला हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्यासाठी न्यायालयात कोणीही दोषी ठरले नाही.

अशी घटना घडली की चावडीवर, एसटी स्टँडवर, कधी पोलीस ठाण्यातही काही वाक्ये हमखास ऐकू येतात. "रागाच्या भरात झालं." "पोरीचा विषय होता, रक्त उसळणारच." "शेवटी माणूस आहे, डोकं फिरतं." बोलणारा खुनाचे समर्थन करत नाही, निदान तसे त्याला वाटते. पण या वाक्यांत एक सिद्धांत दडलेला आहे. हिंसा रक्तात असते, ती आपोआप उसळते आणि त्यात कोणाचा फारसा दोष नसतो, असा तो सिद्धांत आहे. त्याला विज्ञानाचा आधार आहे का? आंबेडकरी तरुणांनी हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण याच सिद्धांताच्या आडून गुन्हा सौम्य केला जातो आणि याच सिद्धांताने आपल्यालाही बदनाम केले गेले आहे.

रागाच्या वेळी शरीरात काय घडते?

प्रथम हे मान्य करू की आक्रमकतेला शरीराचा आधार आहे. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका, भीती आणि राग यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. समोरून कोणी अंगावर आले की आपण विचार करण्याआधीच अमिग्डाला इशारा देतो, हायपोथॅलॅमस कामाला लागतो, ॲड्रेनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास वाढतो, मुठी आवळल्या जातात. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते.

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो, त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. "थांब, परिणाम काय होईल?" हा विचार करण्याचे काम मुख्यतः तो करतो. त्याचे महत्त्व कळण्यास १८४८ मधील एक अपघात कारणीभूत झाला. अमेरिकेत रेल्वेच्या कामावर असलेल्या फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटामुळे लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा जबाबदार माणूस शिवराळ आणि लहरी झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. मेंदूचा पुढचा भाग आणि माणसाचा स्वतःवरचा ताबा यांचा संबंध त्यातून पुढे आला.

हा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणून सतरा-अठराव्या वर्षी राग लवकर येतो आणि लगाम उशिरा लागतो. दारू तर हा लगाम आणखी सैल करते. सेरोटोनिन या रासायनिक द्रव्याची पातळी आणि उतावळी आक्रमकता यांचाही संबंध संशोधनात दिसला आहे.

इथपर्यंत सगळे शरीराचे झाले. पण यातून एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्याचे "डोके फिरते" त्याचे डोके साहेबासमोर का फिरत नाही? कारखान्याच्या चेअरमनने चारचौघांत अपमान केला तर तोच माणूस मान खाली घालून ऐकून घेतो. अमिग्डाला तोच, ॲड्रेनलिन तेच. मग हात फक्त खालच्यावरच का उठतो?

माकडांच्या टोळीतला प्रयोग

पुरुषी आक्रमकतेचा विषय निघाला की टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे नाव येते. हे संप्रेरक वाढले की माणूस हिंसक होतो, अशी समजूत आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी आपल्या लेखनातून एका जुन्या प्रयोगाची गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवली आहे. पाच नर माकडांचा गट घ्या. त्यांच्यात उतरंड ठरलेली असते. पहिला सर्वांवर, पाचवा सर्वांच्या खाली. आता तिसऱ्या क्रमांकाच्या माकडाला टेस्टोस्टेरॉन भरपूर प्रमाणात टोचा. तो नक्कीच जास्त मारामाऱ्या करू लागतो. पण कोणाशी? पहिल्या आणि दुसऱ्याच्या तो वाटेलाही जात नाही. त्यांच्यापुढे पूर्वीसारखाच दबून राहतो. चौथ्या आणि पाचव्याचे मात्र जगणे मुश्कील करून टाकतो.

याचा अर्थ काय? संप्रेरकाने आक्रमकता निर्माण केली नाही. आधीपासून असलेली उतरंड त्याने अधिक तीव्र केली. जोर शरीराने पुरवला, दिशा उतरंडीने ठरवली.

बाबासाहेबांनी भारतीय समाजाचे वर्णन करताना श्रेणीबद्ध विषमता हा शब्द वापरला. वर जावे तसा आदर वाढत जातो, खाली यावे तसा तिरस्कार वाढत जातो. प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतो आणि प्रत्येकाच्या खाली चिरडायला कोणीतरी दिलेला असतो. माणूस माकड नाही, एका प्रयोगावरून समाजाचा निष्कर्ष काढता येत नाही. पण राग वरून खाली का वाहतो, हे कळायला बाबासाहेबांची ही मांडणी कोणत्याही संप्रेरकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

"रक्तातच आहे" हा सिद्धांत आपल्यावर कसा वापरला गेला

आक्रमकता जीनमध्ये असते का? १९९३ मध्ये नेदरलँड्समधील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबातील काही पुरुषांमध्ये एमएओए नावाच्या जीनमध्ये दुर्मीळ दोष होता आणि ते उतावळेपणे हिंसक वागत. लगेच "हिंसेचा जीन सापडला" अशी हाकाटी झाली. पण २००२ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथे जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांचा अभ्यास आला. ज्यांच्यात या जीनचा कमी सक्रिय प्रकार होता आणि ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, ती मुले मोठेपणी जास्त हिंसक झालेली दिसली. जीन तोच, पण बालपण मायेत गेले असेल तर तसा परिणाम दिसला नाही. अशा अभ्यासांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे आलेले नाहीत, तरी "जन्मतःच हिंसक" हा दावा त्यातून सिद्ध होत नाही एवढे नक्की.

पण विज्ञान येण्याच्या कितीतरी आधी हा दावा राज्यकर्त्यांनी कायद्यात घातला होता. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे या कायद्याखाली पारधी आणि इतर अनेक जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. गुन्हा करण्याची गरज नव्हती, त्या जमातीत जन्म पुरेसा होता. १८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोम्ब्रोसो यांनी चेहऱ्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे पुस्तक लिहिले. ते पुढे खोटे ठरले. आपल्याकडचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, पण नगर जिल्ह्यातील पारधी वस्तीवर आजही चोरी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

याच सिद्धांताची उलटी बाजू महार समाजाने सोसली. पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी महार सैनिक लढले, तिथल्या स्तंभावर त्यांची नावे कोरली गेली. त्याच शतकाच्या शेवटी इंग्रजांनी "लढवय्या जातीं"चा सिद्धांत काढला आणि महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. १८१८ मध्ये शूर, १८९२ च्या सुमारास लढायला नालायक, १९४१ मध्ये पुन्हा शूर. रक्त तेच होते, बदलली ती सरकारची गरज.

आणि २०१६ आठवा. कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका मराठा समाजातील शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. गुन्हा अतिशय क्रूर होता, त्याचा धिक्कारच केला पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. पण आरोपी दलित होते म्हणून काही जणांनी सगळ्या समाजाकडेच बोट दाखवले. एका माणसाच्या गुन्ह्याचे कारण त्याच्या जातीच्या रक्तात शोधणे, हाच तो जुना सिद्धांत. तो आपल्याविरुद्ध वापरला तेव्हा चुकीचा होता. म्हणून "ती जातच तशी हिंसक" असे आपण कोणाबद्दल म्हणतो तेव्हाही तो चुकीचाच असतो.

१९८६ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे वेगवेगळ्या देशांतील शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एक निवेदन काढले. युद्ध किंवा हिंसा माणसाच्या जीनमध्ये लिहून ठेवलेली आहे, मेंदूच हिंसक आहे, असे म्हणणे विज्ञानाला धरून नाही, असे त्यात बजावले. १९८९ मध्ये युनेस्कोने हे निवेदन स्वीकारले.

मानसशास्त्र काय सांगते?

१९३९ मध्ये येल विद्यापीठातील अभ्यासकांनी मांडले की माणसाला हवे ते मिळण्यात अडथळा आला, तो हताश झाला, की त्यातून आक्रमकता येते. आपल्या जिल्ह्यात हे रोज दिसते. कांद्याचा भाव पडला, पाऊस गेला, शिकून नोकरी नाही, लग्न जमत नाही. मनात कोंडलेला राग वाढत राहतो. पुढे लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी दुरुस्ती सुचवली. हताशेतून थेट हिंसा होत नाही. त्यातून चीड येते आणि ती हिंसेत बदलेल की नाही हे आजूबाजूच्या परिस्थितीवर, शिकवणीवर अवलंबून असते.

आणि हताशा हेच एकमेव कारण असते तर सर्वांत जास्त हिंसा सर्वांत जास्त गांजलेल्यांनी केली असती. ऊसतोडीला जाणारा, कोयत्यावर उचल घेतलेला माणूस किती हताश असेल! पण तो मुकादमावर कोयता उगारत नाही. हताशा मनातला ताप समजावून सांगते. वार कोणावर होणार हे ती सांगत नाही.

ते कुठून येते? शिकण्यातून. १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने एका फुगीर बाहुलीला ठोसे मारले, हातोडीने बडवले. नंतर मुलांना त्याच बाहुलीजवळ सोडले तेव्हा त्यांनी अगदी तसेच केले, शिव्यांसकट. ज्यांनी ते पाहिले नव्हते त्यांच्यात हे फारच कमी दिसले. घरात बाप आईवर हात टाकतो, मालक सालगड्याला जातीवरून बोलतो, हे पाहत वाढणाऱ्या मुलाला कोणावर हात उचलायचा असतो आणि कोणावर नाही, हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

इज्जत आणि उसळणारे रक्त

आता "पोरीचा विषय, रक्त उसळणारच" या वाक्याकडे येऊ. १९९६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉव्ह कोहेन, रिचर्ड निस्बेट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या दक्षिण भागात इज्जतीच्या कल्पना फार कडक आहेत, उत्तरेत तितक्या नाहीत. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना बोळातून जाताना एक माणूस मुद्दाम धक्का देई आणि शिवी घाली. नंतर त्यांच्या लाळेची तपासणी झाली. दक्षिणेकडच्या मुलांमध्ये ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही वाढलेले दिसले. उत्तरेकडच्या मुलांवर फारसा परिणाम नव्हता.

नीट लक्षात घ्या. रक्त खरोखर उसळते. पण ते केव्हा उसळायचे हे संस्कृतीने आधीच शिकवलेले असते. शिवी तीच, शरीरे सारखीच, पण ज्यांना इज्जत म्हणजे काय हे विशिष्ट पद्धतीने शिकवले गेले होते त्यांच्याच रक्तात बदल झाला. "रक्त उसळते" ही सबब इथे कोसळते. जातीच्या इज्जतीची शिकवण बदलली तर रक्ताचे वागणेही बदलते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात ही दगडविटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे असे सांगितले होते. साठ वर्षांनंतरच्या प्रयोगात मनातल्या अशा अवस्थेची खूण लाळेच्या नमुन्यात दिसली.

गरम डोक्याची आणि थंड डोक्याची हिंसा

अभ्यासक आक्रमकतेचे दोन प्रकार करतात. एक तडकाफडकी, चिडून केलेली. दुसरी हेतू ठेवून, ठरवून केलेली. कायदाही हा फरक ओळखतो. गंभीर आणि अचानक चिथावणीने ताबा सुटून झालेला मृत्यू आणि खून यांत फरक केला जातो. १९५९ च्या मुंबईतील नानावटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला, कारण आरोपीला शांत व्हायला पुरेसा वेळ मिळाला होता. म्हणून "रागाच्या भरात" हे दोन शब्द साधे नाहीत. ते फिर्यादीत, बातमीत, जबाबात कोण घुसवतो याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

सोनईत टाकी साफ करण्याचे निमित्त शोधले गेले, निरोप धाडला गेला, तिघांना बोलावून घेतले गेले. न्यायालयाने त्याला कट म्हटले. अमिग्डाला असे निरोप धाडत नाही. निमित्त शोधणे, वेळ ठरवणे, पुरावा लपवणे ही कामे मेंदूचा तोच पुढचा भाग करतो ज्याने माणसाला थांबवायचे असते. जातीय अत्याचारात अनेकदा लगाम सुटलेला नसतो. लगाम हातात घट्ट असतो आणि गाडी मुद्दाम आपल्या अंगावर घातलेली असते.

चांगली म्हणवणारी माणसे असे कसे करतात? बांडुरा यांनी पुढे यावरही काम केले. माणूस स्वतःच्या विवेकाला झोपवण्याच्या काही युक्त्या वापरतो. खुनाला "धडा शिकवणे" म्हणतो. जबाबदारी सगळ्यांत वाटून टाकतो. मेलेल्यालाच दोष देतो. आणि समोरच्याला माणूसच मानत नाही. या चारही युक्त्या आपल्या गावच्या बोलण्यात तयारच आहेत. जातिव्यवस्थेने त्या पिढ्यान्‌पिढ्या घडवून ठेवल्या आहेत.

बघणारे गप्प का राहतात?

खर्ड्याच्या खटल्याने मारणाऱ्यांइतकाच बघणाऱ्यांचा प्रश्न उभा केला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात एक प्रयोग केला. शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत होते. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा भाग सगळे सांगतात. याच प्रयोगाचा दुसरा प्रकार कमी सांगितला जातो. त्यात बरोबरीने बसवलेल्या दोन माणसांनी मध्येच "आम्ही हे करणार नाही" म्हणून नकार दिला. तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले.

केवळ दोन जणांच्या नकाराने एवढा फरक पडला. गावात पहिले दोन जण उभे राहिले, तर तिसऱ्याला उभे राहता येते. साक्षीदार फितूर होतो तो बहुधा एकटा पडल्यामुळे.

बदल शक्य आहे का?

सापोल्स्की यांनी केनियातील मसाई मारा येथे बबून माकडांचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८० च्या दशकात एका टोळीतील दांडगे नर शेजारच्या पर्यटक लॉजच्या उकिरड्यावर मारामारी करून खात. त्या मांसातून क्षयरोग पसरला आणि ते दांडगे नर मेले. मागे राहिल्या माद्या आणि शांत स्वभावाचे नर. टोळीतला छळ कमी झाला. खरे आश्चर्य पुढे आहे. पुढच्या दहा वर्षांत ते शांत नरही गेले, बाहेरच्या टोळ्यांतून नवे नर आले, तरी टोळी शांतच राहिली. नव्यांनी इथली रीत शिकून घेतली.

आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजार पाहा. दुष्काळ, दारूभट्ट्या आणि भांडणे यांसाठी हे गाव कुप्रसिद्ध होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. दारूबंदी झाली, पाणी अडवले गेले, श्रमदान झाले, स्थलांतर केलेली कुटुंबे परत आली. माणसे तीच, मेंदू तेच. परिस्थिती आणि नियम बदलले तसे गाव बदलले. जातीचा प्रश्न पाणलोटाने सुटतो असे मी म्हणत नाही. पण "गावाचा स्वभावच तसा" हे वाक्य खोटे आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

तथागतांनी काय पाहिले?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी, प्रेत असे सांगितले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला, दोन्हीकडचे पंच नेमून तोडगा काढा असे सुचवले. बहुमताने ते फेटाळले आणि त्यातून सिद्धार्थाला घर सोडावे लागले. आवर्तनाच्या पाण्यावरून पाटावर भांडणे पाहिलेल्या नगरच्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. हिंसेचे उत्तर सिद्धार्थाने रक्तात शोधले नाही. त्याने पाण्याचा वाद पाहिला, त्यावर तोडगा सुचवला.

अंगुलीमालाची कथाही आठवा. अट्ठकथेनुसार तो आधी अहिंसक नावाचा हुशार विद्यार्थी होता. गुरूने हजार बोटे आणण्याची आज्ञा केली आणि तो खुनी झाला. जन्माने तो खुनी नव्हता, म्हणूनच तो बदलू शकला. कारण असेल तर कार्य घडते, कारण काढले तर कार्य थांबते, हाच प्रतीत्यसमुत्पाद. बुद्धांनी अकुशलाची मुळे तीन सांगितली: लोभ, द्वेष आणि मोह. द्वेष कोणालाही होऊ शकतो. पण जन्माने कोणी उच्च आणि कोणी नीच हा मोह त्याला जोडला की द्वेषाला तयार लक्ष्य मिळते.

आपण काय करायचे?

पहिले, भाषा पकडा. बातमीत, जबाबात, फेसबुकवर "प्रेमप्रकरणातून", "रागाच्या भरात" असे शब्द आले तर विचारा: निरोप कोणी पाठवला? किती जण होते? किती वेळ गेला? ही माहिती फिर्यादीत तारीख-वेळेसह आली पाहिजे.

दुसरे, साक्षीदाराला एकटे सोडू नका. ॲट्रॉसिटी कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५ अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची, प्रवासखर्चाची, गरज पडल्यास पुनर्वसनाची तरतूद आहे. ती लेखी अर्ज करून मागा. मोर्चा एक दिवस चालतो, खटला अनेक वर्षे. तारखेच्या दिवशी साक्षीदारासोबत कोर्टात दोन माणसे बसलेली असणे, हे मोर्चाइतकेच मोठे काम आहे.

तिसरे, आणि सर्वांत अवघड. उतरंडीचा नियम आपल्यालाही लागू आहे. बाहेर अपमान गिळून घरी आलेला आपला भाऊ तो राग बायकोवर काढतो, तेव्हा तो तिसऱ्या क्रमांकाच्या माकडासारखाच वागतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर दारू पिऊन आपल्याच वस्तीतल्या पोरावर धावून जाणे हा स्वाभिमान नाही. आपल्याच समाजातील दुसऱ्या पोटजातीला, मातंगाला, मेहतराला कमी लेखणे हीही तीच उतरंड. राग येणे पाप नाही. अन्यायाचा राग यायलाच हवा. बाबासाहेबांनाही तो आला, पण त्यांनी तो खाली कोणावर काढला नाही. तो वर, व्यवस्थेकडे वळवला आणि त्यातून महाड घडले, संविधान घडले.

विहारात रविवारी वंदनेनंतर आनापान शिकवले जात असेल तर तरुणांनी जरूर बसावे. राग आला की लगेच काही न करता श्वासाकडे पाहणे म्हणजे अमिग्डाला आणि हात यांच्यात थोडा वेळ मिळवणे. त्या वेळात एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझा हा राग नेमका कोणाकडे निघाला आहे, वर की खाली?

नमो बुद्धाय. जय भीम.